लष्करी धोरणाचा पत्ता : व्यूहखेळातील निवड आणि मराठी राजनीतिपर गद्य

पाळीपाळीने खेळावयाच्या संगणकीय व्यूहखेळात खेळाडूला वेळोवेळी लष्करी धोरणाची निवड करावी लागते. या निवडीचे स्वरूप उलगडून दाखवणे, आणि मराठीतील राजनीतिपर व बखरींच्या गद्याशेजारी ठेवून ती वाचता येते काय हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे. विषय काहीसा अनोळखी वाटेल याची जाणीव आहे. परंतु तौलनिक साहित्याभ्यासाने लोकनाट्य, चित्रपट आणि जाहिरात यांना संहिता म्हणून एकदा स्वीकारल्यानंतर, ज्या खेळात शेकडो छोटी विधाने वाचून, पारखून मगच पुढची चाल करावी लागते, त्याला दाराबाहेर ठेवण्याचे सबळ कारण दिसत नाही.

या विषयाकडे मी वळले ते ग्रंथालयातून नव्हे, बबीन्याहून. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'च्या अभ्यासासाठी झाशीचा किल्ला आणि शहराची जुनी वेस पाहावयाची होती. मुक्काम झाशीपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरील बबीना छावणीत, बहिणीच्या घरी होता. झाशी–बीना लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक एरवी कोणाच्या ध्यानातही राहू नये. पण येथील गोळीबाराच्या मैदानामुळे लष्करातील माणसांना ते चांगले ठाऊक आहे. 'ब्रिटिश आर्मी बेस' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाल्याची एक लोकव्युत्पत्ती तेथे मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. लोकव्युत्पत्तीचा नमुना म्हणून ती नोंदवावी, त्यापलीकडे नाही. दुपारी रणगाड्यांच्या तोफांचा दबका आवाज येई, आणि आतल्या खोलीत सतरा वर्षांचा भाचा 'सिव्हिलायझेशन' मालिकेतील सहावा खेळ खेळत बसलेला असे.

सिड मायर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचा सहावा भाग २०१६ मध्ये आला. इ. स. पू. ४००० पासून खेळाडू एका संस्कृतीचा सूत्रधार होतो. नगरे वसवतो, विद्या मिळवतो, सैन्य उभारतो. सर्व काही पाळीने चालते. बुद्धिबळाप्रमाणे विचाराला हवा तितका अवकाश असतो, आणि म्हणूनच हा हातचलाखीचा नव्हे, वाचनाचा खेळ आहे. राज्याची संस्कृती जसजशी वाढते तसतशा नव्या संस्था व संकल्पना उपलब्ध होतात, आणि त्यांच्यासोबत धोरणांचे पत्ते हाती येतात. पत्ते चार प्रकारचे : लष्करी, आर्थिक, राजनयिक आणि कोठेही चालणारे. राज्यपद्धतीनुसार त्यांना बसवण्याचे कप्पे ठरलेले असतात. आरंभीच्या टोळीप्रमुखाच्या राज्यात लष्करी कप्पा एकच. पुढे राजसत्तेत लष्करी कप्पे वाढतात, व्यापारी गणराज्यात आर्थिक कप्प्यांचे पारडे जड होते. पत्ते पुष्कळ, कप्पे थोडे. निवडीचा सगळा पेच या कमतरतेतून निर्माण होतो.

पहिल्याच लष्करी कप्प्याशी दोन पत्ते स्पर्धा करतात. 'डिसिप्लिन' हा पत्ता बर्बर टोळ्यांविरुद्ध लढताना प्रत्येक पथकाला ५ गुणांचे अधिक बळ देतो. 'सर्व्हे' टेहळ्यांचा अनुभव दुप्पट करतो. शेजारच्या अरण्यात बर्बरांचा तळ दिसला असेल तर पहिला, नसेल तर दुसरा, इतके हे सोपे आहे. नंतर 'अगोगे' येतो. स्पार्टातील कठोर शिक्षणपद्धतीचे नाव मिरवणारा हा पत्ता प्राचीन व अभिजात काळातील पायदळ आणि तिरंदाज घडवण्याचा वेग ५० टक्क्यांनी वाढवतो. दर पाळीला १० उत्पादन देणाऱ्या नगराला ९० उत्पादनाचे पथक घडवावयास नऊ पाळ्या लागत असतील, तर या पत्त्यासह सहा लागतात. घोडदळासाठी असाच 'मनुव्हर' आहे. 'लिमेस' हा रोमन सीमेच्या नावाचा पत्ता तटबंदीच्या कामाचा वेग दुप्पट करतो. 'रिटेनर्स'मुळे ज्या नगरात पथक तैनात आहे तेथील प्रजेच्या समाधानात भर पडते. 'कॉन्स्क्रिप्शन' दर पथकामागे दर पाळीला एका सुवर्णाचा खर्च वाचवतो, आणि फार पुढे येणारा 'लेव्हे आँ मास' दोन सुवर्णांचा.

नवखा खेळाडू येथे एक ठरावीक चूक करतो. पत्त्यावरचा आकडा मोठा दिसला की तो पत्ता चांगला असे तो मानतो. वास्तविक ५० टक्के हा आकडा मुळातच पोकळ आहे. त्या काळात पायदळ घडवले जात नसेल तर ५० टक्क्यांची किंमत शून्य. उलट एका सुवर्णाचा 'कॉन्स्क्रिप्शन' दहा पथके असलेल्या राज्यात दर पाळीला दहा सुवर्ण वाचवतो, आणि तेही काहीही न करता. म्हणून जाणते खेळाडू पत्ता नव्हे, ऋतू निवडतात. सैन्य घडवण्याच्या दहा-पंधरा पाळ्यांत 'अगोगे' किंवा 'मनुव्हर', सैन्य उभे राहिले की तो काढून 'कॉन्स्क्रिप्शन'. याहून धूर्त अशी एक युक्ती भाच्याने दाखवली. 'मनुव्हर'च्या आधारे स्वस्तात पुष्कळ जड रथ घडवून ठेवावयाचे. मग 'प्रोफेशनल आर्मी' हा पत्ता हाती आला की पथके सुधारण्याचा खर्च निम्मा होतो, त्या एकाच पाळीत सगळे रथ मध्ययुगीन घोडेस्वारांत बदलून टाकावयाचे. शेजाऱ्याला काल रथ दिसत होते, आज चिलखती घोडदळ दिसते. (हे ऐकून मी स्वतः एक डाव मांडला. घोडदळाच्या मोहात तटबंदीचा पत्ता घेतला नाही आणि राजधानी गमावली. भाच्याने सहानुभूती दाखवली नाही.)

या युक्त्यांच्या मुळाशी एक नियम आहे आणि माझ्या मते तोच या खेळाचा वाङ्मयीनदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा भाग होय. नवी संकल्पना पूर्ण झाली की त्या पाळीला सारे पत्ते विनामूल्य बदलता येतात. एरवी काही सुवर्ण मोजले की झाले. धोरण म्हणजे अंगरखा, घातला आणि काढला. २०१० च्या पाचव्या खेळात असे नव्हते. तेथे 'ऑनर' नावाचा लष्करी धोरणांचा वृक्ष होता. त्यातील एकेक फांदी संस्कृतीच्या मोबदल्यात कायमची घ्यावी लागे. ज्याने ती घेतली त्याने त्याच मोलाची दुसरी फांदी गमावली, आणि तो निर्णय डाव संपेपर्यंत त्याच्यासोबत राही. सहाव्या खेळाने लवचीकता आणली, डाव अधिक रंजक केला, यात शंका नाही. पण धोरणाला असणारा काळाचा भार त्याने काढून घेतला.

हा भार म्हणजे काय, हे मराठी गद्य ज्या बारकाईने सांगते तसे फार थोड्या ठिकाणी सापडेल. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीस राजारामाच्या आश्रयाने बखर लिहिली. तीत शिवाजीच्या पागेची मांडणी येते : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि तेथून वर चढत जाणारी उतरंड. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारचा; शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, पण त्याचे स्थान पागेच्या खाली. वेतन रोख किंवा वरातीने, मुलूख तोडून नव्हे. मोहिमेवरून परतलेल्या लष्कराची झडती होऊन लूट सरकारजमा होई. खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर हा एक पूर्ण कप्पा आहे आणि त्याचा खर्च राज्याच्या तिजोरीवर पडतो.

आता या लेखनाचे स्थळ आणि काळ ध्यानात घ्यावयास हवे. सभासद हे लिहीत होता त्याच दरबारातून, त्याच वर्षांत, सरदारांना सरंजाम आणि वतने यांची आश्वासने दिली जात होती. मोगल बादशहा वतने देऊन माणसे फोडत होता, तिजोरी रिकामी होती, आणि राजारामापाशी देण्यासारखे होते ते जिंकावयाच्या मुलुखाचे वचन. 'कॉन्स्क्रिप्शन'चा पत्ता जे करतो ते या निर्णयाने केले : सैन्याचा खर्च तिजोरीवरून उतरवला. मराठी फौजा त्यामुळे वाढल्या, दूरवर गेल्या, नर्मदेपलीकडे गेल्या. बुंदेलखंडात आणि पुढे झाशीत मराठी अंमल आला तोही याच विस्ताराच्या ओघात. परंतु हा पत्ता परत काढता आला नाही. मोहिमेपुरता दिलेला सरंजाम घराण्याचा झाला. सभासदाची बखर म्हणूनच मला केवळ चरित्र वाटत नाही. काढून टाकलेल्या पत्त्याचे ते वर्णन आहे, आणि ते नव्या पत्त्याच्या सावलीत बसून लिहिलेले आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' (१७१५) याच्या पुढची पायरी. दुर्ग हे राज्याचे सार मानणारा हा ग्रंथ वतनदारांविषयी जे सांगतो ते उपदेशापेक्षा एखाद्या दुखण्याच्या निदानासारखे आहे : ते राज्याचे लहान दायाद आहेत, त्यांना उखडूनही चालत नाही आणि मोकळे सोडूनही चालत नाही, नवी वृत्ती देऊ नये. ज्याला पत्ता बदलता येत असता त्याने हे लिहिलेच नसते.

येथे रूपबंधाचा प्रश्न उपस्थित होतो. धोरणपत्त्यावरील विधान आणि नीतिग्रंथातील सूत्र यांचे कूळ एकच आहे असे मला वाटते. दोन्ही संक्षिप्त, दोन्ही प्रसंगापासून तोडलेली, दोन्ही सत्ताधाऱ्याला उद्देशून. खेळाच्या कर्त्यांनाही हे नाते ठाऊक असावे. २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या पुरवणीत चंद्रगुप्त मौर्य हा नायक आला. त्याच्या विशेष सामर्थ्याचे नावच 'अर्थशास्त्र' आहे. भूविस्ताराचे युद्ध पुकारले की पहिल्या १० पाळ्या त्याच्या पथकांना २ पावलांची अधिक चाल आणि ५ गुणांचे अधिक बळ मिळते. पंधरा अधिकरणांच्या ग्रंथाचा हा संक्षेप कोणालाही हसू आणील. पण हसून सोडण्याआधी मूळ ग्रंथ काय करतो हे पाहावे. नवव्या अधिकरणात कौटिल्य सैन्याचे सहा प्रकार मांडतो : मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी, म्हणजे पिढीजात, भाडोत्री, संघांचे, मित्राचे, शत्रूकडून आलेले व वनवासी. प्रत्येक प्रकार कधी वापरावा याच्या अटी तो स्वतंत्रपणे देतो, आणि आधीचा प्रकार नंतरच्याहून श्रेयस्कर का, हेही सांगतो. म्हणजे ऋतू निवडण्याचे जे ज्ञान खेळाडू डाव हरून मिळवतो, ते कौटिल्याने सूत्रातच गोवले आहे. पत्त्यावर 'किती' असते; सूत्रात 'केव्हा' आणि 'का' असते. खेळातील बर्बर हे कायमचे परके, तर कौटिल्याच्या हिशेबात अटवीतील माणूसही सैन्यात येऊ शकतो. त्याच्यावर विश्वास कमी, हा भाग वेगळा.

'लॉजिस्टिक्स' नावाचा एक लष्करी पत्ता आहे, तो मात्र मला विशेष खटकला. स्वतःच्या प्रदेशात पाळी सुरू करणाऱ्या पथकाला तो एक पाऊल अधिक देतो. नाव रसदेचे, लाभ चालीचा. २०१९ च्या पुरवणीत आधुनिक यंत्रपथकांना इंधन लागू लागले खरे, पण या खेळात माणूस आणि घोडा जेवत नाहीत. पानिपतावर निवडलेल्या धोरणाची चर्चा मराठीत बहुधा गारदी पायदळ विरुद्ध गनिमी कावा अशी होते. 'भाऊसाहेबांच्या बखरी'ने हा वाद रंगवला आणि पुढील कादंबरीकारांनी तो उचलला. इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ व तोफखाना घेणे म्हणजे घोडदळाची चपळता देऊन माराचे बळ घेणे, अगदी पत्त्यांची अदलाबदल. पण १७६० च्या अखेरीस छावणीत प्रश्न होता धान्याचा. बुंदेलखंड व अंतर्वेदीचा कारभार पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांकडून पैसा आणि रसद यावी म्हणून भाऊंचा तगादा सुरू होता. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज मैदानात उतरली. कोणता पत्ता चांगला, या प्रश्नाला त्या दिवशी फारसा अर्थ उरला नव्हता.

महादजी शिंद्यांनी पुढे १७८४ पासून द बॉइन्यकडून कवायती कंपू उभारला. खेळात रथाचा घोडेस्वार करावयास सुवर्ण आणि लोह पुरते. येथे कंपूच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून द्यावा लागला, आणि हुकूम परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १८०३ च्या युद्धात त्यांतील कित्येकांनी शिंद्यांची चाकरी सोडली. शिपाई मात्र असई आणि लासवारी येथे लढले.

एका सायंकाळी भाचा 'कॉन्स्क्रिप्शन' बसवत होता. पलीकडे त्याचे वडील, रणगाडा दलातील रिसालदार, चहा घेत होते. पत्त्यावर काय लिहिले आहे असे त्यांनी विचारले. "बाबा, खर्च कमी होतो," तो म्हणाला. "कुणाचा?" त्यांनी विचारले. मुलाने पडद्याकडे पाहिले. तेथे ते लिहिलेले नव्हते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा." मला तरी त्या वेळी व्याकरणापलीकडचे उत्तर सुचले नाही. ते असे की त्या वाक्याला कर्ता नाही. रिसालदारांनी कप ठेवला आणि दुसराच विषय काढला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून चार वर्षांची भरती, त्यांतील २५ टक्क्यांपर्यंतच पुढे नियमित सेवा आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, या गोष्टींची चर्चा छावणीतल्या प्रत्येक घरात होते, तशी या घरातही होती. सैन्य तरुण राहावे हा तिचा जाहीर हेतू. निवृत्तिवेतनाचा भार हलका करण्यासाठी ती आहे, हे टीकाकारांचे म्हणणे. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र पुढच्याच वर्षी भरतीला उभे राहावयाचे की महाविद्यालयात जावयाचे, हा प्रश्न ज्याच्यासमोर होता तोच मुलगा पत्ता हातात धरून बसला होता, एवढे नोंदवणे आवश्यक वाटते.

कर्ता नसलेल्या वाक्यांपैकी सर्वांत बोलके 'रेड' या पत्त्याचे. शत्रूचे शेत, खाण, कुरण उद्ध्वस्त करताना मिळणारे उत्पन्न तो वाढवतो. मराठी वाचकाला सुरतेची आठवण होणे स्वाभाविक आहे, १६६४ ची आणि १६७० चीही. आपल्या इतिहासलेखनाने ती बाजू भरभरून सांगितली आहे. पण याच बबीन्यापासून तासाभराच्या अंतरावर मराठीने दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे. गोडसे भटजी कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईहून यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने वेढलेल्या झाशीत अडकले. १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोप्यांचा पराभव झाला, दोन-तीन दिवसांत शहर पडले. त्यानंतरचे जे वर्णन 'माझा प्रवास'मध्ये येते त्यात लूट ही एक घटना नसून एक क्रम आहे : प्रथम मौल्यवान जिन्नस, मग भांडी, मग कापड, मग धान्य, दिवसागणिक उतरत जाणारा. निवेदक त्या घरांपैकी एका घरात आहे. उत्पन्न ज्याचे वाढते तो शिपाई त्याला दारात दिसतो, आणि ज्याचे घटते तो निवेदक स्वतः. घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेला, चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी (१९४६) व महाश्वेता देवींचे बंगाली चरित्र (१९५६) यांच्यासोबत वाचण्याची आपली पद्धत आहे. त्या दोन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी राणी आहे. गोडश्यांच्या पुस्तकात पाणी कोठून आणावयाचे हा प्रश्न राणीइतकाच मोठा आहे.

पत्त्यांची नावे मराठीत करून पाहावीत असे भाच्याने सुचवले, कारण या खेळाची मराठी आवृत्ती नाही. 'अगोगे'ला आम्ही तालीम म्हटले, 'लिमेस'ला तटबंदी. 'रिटेनर्स'ला शिबंदी हा शब्द इतका नेमका बसला की तो मूळचाच वाटावा. 'प्रोफेशनल आर्मी'साठी कवायती फौज आणि पगारी फौज यांत एकमत झाले नाही. 'कॉन्स्क्रिप्शन'ला सक्तीची भरती म्हणावे, तर पत्त्यावर सक्ती कोठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त वाचलेला सुवर्ण. ते नाव आम्ही कोरे ठेवले. 'रेड'समोर त्याने मुलूखगिरी लिहिले, मी लूट लिहिले, आणि कागदावर दोन्ही शब्द तसेच राहिले.